कन्फ्यूशियन नीतिमूल्ये : नातेसंबंध व व्यापार

चिनी तत्त्वज्ञ कन्फ्यूशस (इ. स. पू. ५५१–४७९) व त्याचे अनुयायी ह्यांनी प्रतिपादिलेल्या आणि चीन, कोरिया, जपान व व्हिएटनाम ह्या देशांच्या समाजजीवनात खोलवर रुजलेल्या आचारविषयक मूल्यांचा समुच्चय. ईश्वर, मोक्ष किंवा परलोक ह्यांपेक्षा माणसामाणसांतील नाते व त्या नात्यातून निर्माण होणारे कर्तव्य, हा ह्या नीतीचा गाभा होय. कुटुंब हे तिचे पहिले क्षेत्र आणि राज्यसंस्था हे दुसरे. व्यापाराला मूळ ग्रंथांत स्वतंत्र स्थान नाही. किंबहुना व्यापारी वर्गाविषयी ह्या परंपरेत दीर्घकाळ अनादरच आढळतो. तथापि पूर्व आशियातील व्यापारी पेढ्या ज्या विश्वासावर उभ्या राहिल्या, तो विश्वास ह्याच नीतीने घडविलेल्या कुटुंबांतून, कुलांतून व गावकीतून आला. ही विसंगती कशी निर्माण झाली आणि निरनिराळ्या देशांत तिचा उलगडा कोणकोणत्या प्रकारे झाला, हा पूर्व आशियाच्या सामाजिक व आर्थिक इतिहासातील एक महत्त्वाचा प्रश्न आहे.

मूलतत्त्वे : कन्फ्यूशसचा जन्म सध्याच्या शांटुंग प्रांतातील तत्कालीन लू राज्यात झाला. चौ राजवंशाची सत्ता खिळखिळी होऊन मांडलिक राज्ये आपापसांत लढत होती, असा तो काळ होता. समाजाची विस्कटलेली घडी नवे कायदे करून नव्हे, तर प्रत्येकाने आपापल्या नात्याला अनुरूप असे वर्तन केल्याने पुन्हा बसेल, अशी त्याची धारणा होती. त्याच्या शिष्यपरंपरेने संकलित केलेल्या लुन-यू ह्या वचनसंग्रहात ‘जेन’ (माणुसकी, सहृदयता), ‘यी’ (न्याय्य कर्तव्य), ‘ली’ (विधी व शिष्टाचार), ‘शिन’ (विश्वासार्हता) आणि ‘श्याव’ (मातृपितृभक्ती) ह्या गुणांचे विवेचन विखुरलेल्या स्वरूपात आढळते. मेन्सियस (इ. स. पू. सु. ३७२–२८९) ह्याने पाच मूलभूत नाती सांगितली : पिता-पुत्र, राजा-प्रजाजन, पती-पत्नी, ज्येष्ठ-कनिष्ठ आणि मित्र-मित्र. पिता-पुत्रांत जिव्हाळा, राजा व प्रजाजन ह्यांत कर्तव्यनिष्ठा, पती-पत्नींत कार्यविभाग, ज्येष्ठ-कनिष्ठांत क्रम आणि मित्रांत विश्वास असावा, अशी त्याची मांडणी आहे. ह्यांपैकी पहिली चार नाती कमीअधिक प्रमाणात उच्चनीचतेची आहेत. समानतेचे नाते फक्त शेवटचे.

ही उच्चनीचता मूळ विचारात एकतर्फी नव्हती. पुत्राने आज्ञाधारक असावे, तसेच पित्यानेही पित्यासारखे वागावे, अशी अपेक्षा होती. पिता किंवा राजा चुकत असेल, तर नम्रपणे परंतु निश्चितपणे त्यास चूक दाखवून देणे हे पुत्राचे व अमात्याचे कर्तव्य मानले जाई. पुढे हान राजवंशाच्या काळात (इ. स. पू. २०६–इ. स. २२०) ह्या विचाराला राजाश्रय मिळाला. सम्राट वू-टी (कार. इ. स. पू. १४१–८७) ह्याने इ. स. पू. १३६ मध्ये पाच अभिजात ग्रंथांच्या अध्यापनासाठी पंडितांची पदे निर्माण केली व इ. स. पू. १२४ मध्ये राजधानीत विद्यापीठ स्थापन केले. त्याच काळातील तुंग जुंग-शू ह्या पंडिताने राजा-प्रजाजन, पिता-पुत्र व पती-पत्नी ह्या तीन नात्यांवर विशेष भर दिला आणि त्यांतील वरिष्ठाचे प्रभुत्व विश्वरचनेच्या आधाराने समर्थनीय ठरविले. परस्परकर्तव्याच्या नीतीचे आज्ञापालनाच्या नीतीत रूपांतर होण्यास येथून प्रारंभ झाला, असे म्हणता येईल.

कुटुंबसंस्था : चिनी कायद्याने ह्या नीतीला दंडशक्तीचे पाठबळ दिले. तांग काळापासूनच्या दंडसंहितांत मातृपितृद्रोह हा दहा महापातकांपैकी एक गणला जाई आणि आईवडील हयात असताना मुलांनी संपत्ती विभागून वेगळे राहणे, हा त्यातील एक अपराध होता. आईवडिलांच्या मृत्यूनंतर शासकीय अधिकाऱ्यास पद सोडून दीर्घकाळ सुतक पाळावे लागे. पूर्वजपूजा ज्येष्ठ पुत्राच्या नेतृत्वाखाली होत असली, तरी संपत्तीची वाटणी मात्र सर्व मुलग्यांत समान होई. ह्या एका रूढीचे आर्थिक परिणाम दूरगामी ठरले. कारण एका पिढीने साठविलेले भांडवल पुढच्या पिढीत विखुरले जाई. त्यावर तोडगा म्हणून कुलाच्या नावे अविभाज्य मालमत्ता राखण्याची पद्धत रूढ झाली. सुंग काळातील मंत्री फान जुंग-येन (९८९–१०५२) ह्याने सु. १०५० मध्ये सूजौ येथे आपल्या कुलातील कुटुंबांच्या पोषणासाठी स्थापन केलेली धर्मादाय शेतजमीन हा ह्या पद्धतीचा आद्य नमुना समजला जातो. पूर्वजांचे श्राद्धविधी, कुलमंदिर, मुलांचे शिक्षण व निराधारांचे साहाय्य ह्यांचा खर्च अशा मालमत्तेतून भागविला जाई. पुढे सेचवान प्रांतातील मिठाच्या विहिरींचे मालक असलेल्या कुलांनी ह्याच धार्मिक स्वरूपाच्या न्यासांचा उपयोग भांडवल एकत्र ठेवण्यासाठी केला.

स्त्रियांच्या दृष्टीने ही व्यवस्था जाचक होती. कुमारिकेने पित्याच्या, पत्नीने पतीच्या व विधवेने पुत्राच्या आज्ञेत राहावे, असा दंडक होता. हान काळातील विदुषी पान जाव हिने आपल्या मुलींसाठी लिहिलेल्या उपदेशपर ग्रंथात स्त्रीच्या नम्रतेचा पुरस्कार केला. पण त्याचबरोबर मुलींनाही शिक्षण मिळावे, असे आग्रहाने मांडले. ह्यातील पहिला भाग परंपरेने उचलला, दुसरा बव्हंशी दुर्लक्षिला. मिंग (१३६८–१६४४) व चिंग (१६४४–१९११) राजवटींत पुनर्विवाह न करणाऱ्या विधवांच्या गौरवार्थ शासनाच्या अनुमतीने दगडी कमानी उभारल्या जात. आन्ह्वे प्रांतातील ह्वेजौ परिसरातील तांगय्वे ह्या गावी निष्ठा, पितृभक्ती, पातिव्रत्य व दानशूरता ह्यांच्या स्मरणार्थ बांधलेल्या सात कमानी आजही एका ओळीत उभ्या आहेत. ज्या पाव कुलाच्या त्या आहेत, ते मिठाच्या व्यापारात श्रीमंत झालेले होते.

व्यापाराचे तात्त्विक स्थान : चिनी परंपरेने समाजाची विभागणी विद्वान, शेतकरी, कारागीर व व्यापारी अशा चार थरांत केली व व्यापाऱ्याला शेवटचे स्थान दिले. शेतकरी धान्य पिकवितो, कारागीर वस्तू घडवितो. व्यापारी मात्र दुसऱ्याने निर्माण केलेल्या वस्तू इकडून तिकडे नेऊन नफा मिळवितो, अशी त्यामागील भूमिका होती. सज्जनाला कर्तव्य समजते, क्षुद्राला लाभ समजतो, अशा आशयाचे वचन लुन-यूमध्ये आहे. आणि मेन्सियसच्या ग्रंथाचा आरंभच लाभाची भाषा करणाऱ्या राजाला दिलेल्या समजेने होतो. हान राजवंशाच्या संस्थापकाने व्यापाऱ्यांना रेशमी वस्त्रे वापरण्यास व रथात बसण्यास मनाई केली. तांग काळात व्यापाऱ्यांच्या मुलांना शासकीय परीक्षांस बसता येत नसे.

परंतु ह्यावरून कन्फ्यूशसने संपत्तीचा निषेध केला, असे मानणे चुकीचे ठरेल. अनीतीने मिळविलेली संपत्ती त्याने त्याज्य ठरविली; संपत्ती मात्र नव्हे. प्रजेला आधी सुस्थितीत आणावे व नंतर शिक्षण द्यावे, असा क्रम त्याने सांगितला. अन्न, शस्त्रे व प्रजेचा विश्वास ह्यांपैकी सर्वांत शेवटपर्यंत टिकवावयाची गोष्ट विश्वास ही होय, असे त्याचे मत होते. त्याच्या प्रमुख शिष्यांपैकी त्झू-कुंग हा स्वतः कुशल व्यापारी होता आणि इतिहासकार स-मा च्येन ह्याने धनिकांच्या चरित्रांना वाहिलेल्या प्रकरणात त्याचा समावेश केला आहे. इ. स. पू. ८१ मध्ये हान दरबारात मीठ व लोखंड ह्यांच्या शासकीय मक्तेदारीवर वादविवाद झाला, त्या वेळी कन्फ्यूशियन पंडितांनी राज्याने नफा कमावण्यासाठी प्रजेशी स्पर्धा करू नये, अशी बाजू मांडली. म्हणजे लाभाविषयीचा त्यांचा संशय व्यापाऱ्याइतकाच शासनालाही लागू होता.

व्यापाराच्या दृष्टीने अधिक अडचणीचा असा एक मुद्दा ह्या नीतीत होता. पित्याने मेंढी चोरली असता पुत्राने त्याच्याविरुद्ध साक्ष द्यावी की काय, ह्या प्रश्नावर कन्फ्यूशसने पिता-पुत्रांनी एकमेकांचे दोष झाकावेत, ह्यातच सरळपणा आहे, असे उत्तर दिल्याचे लुन-यूमध्ये नमूद आहे. जवळच्या नात्याचे कर्तव्य सार्वत्रिक नियमापेक्षा वरचढ मानणाऱ्या अशा नीतीत परक्याशी व्यवहार कोणत्या आधारावर करावयाचा, हा प्रश्न उरतोच. पुढील काळातील व्यापारी संस्थांचा इतिहास हा मोठ्या प्रमाणावर ह्या प्रश्नाची उत्तरे शोधण्याचा इतिहास आहे.

चीनमधील व्यापारी परंपरा : मिंग काळाच्या उत्तरार्धात चीनमध्ये अंतर्गत व्यापाराची मोठी वाढ झाली. लोकसंख्या वाढत गेली, परंतु परीक्षांतून मिळणाऱ्या शासकीय पदांची संख्या त्या मानाने वाढली नाही. त्यामुळे अनेक सुशिक्षित कुटुंबे व्यापाराकडे वळली आणि विद्वान व व्यापारी ह्यांतील सीमारेषा पुसट होऊ लागली. तत्त्वज्ञ वांग यांग-मिंग (१४७२–१५२९) ह्याने १५२५ मध्ये एका व्यापाऱ्याच्या स्मृतिलेखात, चारही वर्गांचे व्यवसाय भिन्न असले तरी त्यांचा मार्ग एकच आहे, असे प्रतिपादन केले. इतिहासकार यू यिंग-श (१९३०–२०२१) ह्याने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या अभ्यासात ह्या बदलाचे सविस्तर विवेचन करून, चिनी व्यापाऱ्यांनी कन्फ्यूशियन नीती केवळ बाहेरून स्वीकारली नाही, तर तिला आपल्या जीवनाशी जुळणारा अर्थ दिला, असे दाखविले.

ह्वेजौचे व शान्सीचे व्यापारी ही ह्या काळातील दोन ठळक उदाहरणे होत. ह्वेजौचा प्रदेश डोंगराळ व शेतीस अपुरा. तेथील पुरुष तरुणपणीच, बहुधा विवाहानंतर लगेच, व्यापारासाठी बाहेर पडत आणि वर्षानुवर्षे परतत नसत. यांगजौ येथील मिठाच्या व्यापारात त्यांचे वर्चस्व होते. भांडवल नातेवाइकांकडून, गुमास्ते कुलातून आणि प्रतिष्ठा परीक्षा उत्तीर्ण झालेल्या मुलांकडून, अशी त्यांची रीत होती. मिळविलेला पैसा कुलमंदिरे, पाठशाळा व ग्रंथसंग्रह ह्यांवर खर्च होई. मात्र हा व्यवहार केवळ शब्दावर चाले, हा समज बरोबर नाही. ह्वेजौ परिसरातून भागीदारीचे करार, जमिनीची खरेदीखते, वाटणीपत्रे व हिशेबाच्या वह्या फार मोठ्या संख्येने उपलब्ध झाल्या आहेत. सख्ख्या भावांतील व्यवहारही मध्यस्थांच्या साक्षीने लेखी होत असे. नात्याने विश्वासाचा पाया घातला, तरी त्यावरील बांधकाम कागदाचे होते.

शान्सीच्या व्यापाऱ्यांनी वेगळा मार्ग अनुसरला. तेथील फिंगयाव ह्या नगरात सु. १८२३ मध्ये र-शंग-छांग ही हुंडीचा व्यवहार करणारी पहिली पेढी सुरू झाली. लवकरच अशा पेढ्यांच्या शाखा चीनच्या प्रमुख शहरांत पसरल्या व शासनाचा महसूलही त्यांच्यामार्फत पाठविला जाऊ लागला. भारतातील सराफी पेढ्यांच्या हुंडीव्यवहाराशी त्यांच्या कामाचे बरेच साम्य होते. मालक भांडवल पुरवीत व सर्व कारभार मुनिमाच्या हाती सोपवीत. नोकरांना ठरावीक काळानंतर ‘श्रमाचे भाग’ मिळत व नफ्यात भांडवलाच्या भागांप्रमाणेच त्यांचा हिस्सा असे. पेढीच्या मालकांनी आपले मुलगे, जावई व मेहुणे ह्यांना नोकरीत घेऊ नये, असा कटाक्ष काही घराण्यांत होता. नोकर शक्यतो आपल्याच प्रांतातील व जामीनदार असलेले घेतले जात. त्यांना दूरच्या शाखेत कुटुंब नेता येत नसे आणि सुमारे तीन वर्षांनी घरी परतावे लागे. एखाद्याने अफरातफर केली, तर गावातील त्याचे कुटुंब व जामीनदार ह्यांची नाचक्की होई. अशा रीतीने रक्ताच्या नात्याऐवजी गावकीचे नाते आणि कायद्याऐवजी अब्रूची भीती, ह्यांवर शेकडो कोसांचा व्यवहार चालला. १९११ च्या क्रांतीनंतरची अंदाधुंदी, बुडालेली कर्जे व आधुनिक बँकांची स्पर्धा ह्यांमुळे ह्या पेढ्या मोडकळीस आल्या. ज्या ओळखीच्या वर्तुळावर त्यांची उभारणी झाली होती, ते वर्तुळ ओलांडणे त्यांना साधले नाही.

परदेशांशी होणाऱ्या व्यापारात कँटन येथील परवानाधारक व्यापाऱ्यांच्या मंडळाला १८४२ पर्यंत मक्तेदारी होती. एका सदस्याचे परकीयांचे कर्ज थकल्यास ते सर्वांनी मिळून फेडण्याची सामूहिक जबाबदारी ह्या मंडळावर असे. त्यातील वू पिंग-ज्येन (१७६९–१८४३) हा ‘हौक्वा’ ह्या नावाने प्रसिद्ध होता. मुंबईहून कापूस व माळव्याची अफू घेऊन जाणाऱ्या पारशी व्यापाऱ्यांचा, विशेषतः सर जमशेटजी जीजीभाई (१७८३–१८५९) ह्यांच्या पिढीचा, ह्याच कँटनशी संबंध आला. १८३९ मध्ये सम्राटाचा आयुक्त लिन त्झ-शू ह्याने परदेशी व्यापाऱ्यांकडील वीस हजारांवर पेट्या अफू जप्त करून नष्ट केली. राणी व्हिक्टोरियाला उद्देशून लिहिलेल्या पत्रात त्याने, केवळ लाभासाठी दुसऱ्याची हानी करणे कोणत्या नीतीत बसते, असा प्रश्न उपस्थित केला होता. लाभ व कर्तव्य ह्यांतील जुनाच भेद त्याने येथे आंतरराष्ट्रीय व्यवहाराला लावला. ह्या प्रश्नाला उत्तर मिळाले, ते पहिल्या अफूयुद्धाच्या (१८३९–४२) रूपाने.

जपान : तोकुगावा राजवटीत (१६०३–१८६७) चू शी (११३०–१२००) ह्या चिनी तत्त्वज्ञाने मांडलेल्या नवकन्फ्यूशियन विचाराला जपानमध्ये विशेष महत्त्व आले. चार थरांची कल्पनाही तेथे स्वीकारली गेली. मात्र विद्वानाच्या जागी सामुराई आले. तसेच पितृभक्तीपेक्षा स्वामिनिष्ठेला अग्रक्रम मिळाला. त्याहून महत्त्वाचा फरक कुटुंबरचनेत होता. जपानी ‘इये’ म्हणजे घराणे हे रक्तसंबंधापेक्षा नाव, व्यवसाय व मालमत्ता ह्यांचे सातत्य होय. मालमत्तेचा वारस एकच असे आणि मुलगा नालायक निघाल्यास कर्तबगार नोकराला किंवा परक्याला जावई करून दत्तक घेतले जाई. भिन्न रक्ताचा दत्तक चिनी परंपरेला सहसा मान्य नव्हता. त्यामुळे एकाच नीतीतून चीनमध्ये पिढीगणिक विभागली जाणारी, तर जपानमध्ये पिढ्यान् पिढ्या टिकणारी व्यापारी घराणी निर्माण झाली. मित्सुई घराण्याने १७१० मध्ये सर्व शाखांच्या मालमत्तेचा एकत्रित कारभार पाहणारी मध्यवर्ती संस्था स्थापिली व १७२२ मध्ये घराण्याचे नियम लेखबद्ध केले.

व्यापाराच्या नैतिक समर्थनाचे कार्य इशिदा बायगान (१६८५–१७४४) ह्याने केले. शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या व क्योटोमधील व्यापारी पेढीत नोकरी केलेल्या बायगानने १७२९ मध्ये सर्वांसाठी विनामूल्य व्याख्याने सुरू केली. सामुराईचे वेतन जसे न्याय्य, तसाच व्यापाऱ्याचा प्रामाणिक नफाही न्याय्य, असे त्याने १७३९ च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. फसवणूक करून मिळविलेल्या नफ्याला मात्र त्याने चोरी मानले. ओसाका येथील व्यापाऱ्यांनी १७२४ मध्ये स्थापन केलेल्या काइतोकुदो ह्या विद्यालयात कन्फ्यूशियन ग्रंथांचे अध्यापन होई आणि १७२६ मध्ये त्यास शोगुनची मान्यता मिळाली.

मेजी काळात (१८६८–१९१२) ह्या विचाराला आधुनिक रूप देण्याचे श्रेय शिबुसावा एइइची (१८४०–१९३१) ह्याच्याकडे जाते. निळीचा व्यापार करणाऱ्या शेतकरी कुटुंबातील शिबुसावाने १८६७ मध्ये पॅरिसचे प्रदर्शन पाहिले, पुढे अर्थखात्यात काम केले व १८७३ मध्ये शासकीय सेवा सोडून जपानच्या पहिल्या राष्ट्रीय बँकेची धुरा सांभाळली. सु. ५०० उद्योगांच्या स्थापनेशी वा वाढीशी त्याचा संबंध होता. तथापि त्याने स्वतःच्या कुटुंबाचे औद्योगिक साम्राज्य उभारले नाही. अनेकांच्या भांडवलातून उभ्या राहणाऱ्या कंपन्यांवर त्याचा भर होता. १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लुन-यू आणि मणिचौकट ह्या अर्थाच्या शीर्षकाच्या ग्रंथात त्याने नीती व हिशेब ह्यांची सांगड घातली. २०२४ पासून जपानच्या दहा हजार येनच्या नोटेवर त्याचे चित्र आहे.

शिबुसावाच्या कार्याचा मुंबईशी थेट संबंध आला. १८९३ मध्ये जमशेटजी टाटा (१८३९–१९०४) जपानला गेले असता दोघांची भेट झाली. मुंबईहून जपानी गिरण्यांकडे जाणाऱ्या कापसाची वाहतूक तेव्हा युरोपीय जहाज कंपन्यांच्या संघटनेच्या हाती होती व तिचे दर चढे होते. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये निप्पॉन यूसेन काइशा ह्या कंपनीने टाटांच्या सहकार्याने कोबे-मुंबई जलमार्ग सुरू केला. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी दर एकदम उतरविले, तेव्हा जपानी गिरणीमालकांच्या संघाने स्वस्त दराचा मोह टाळून आपला माल ह्याच कंपनीच्या जहाजांतून आणण्याचे वचन पाळले. टाटांनी आपल्या बाजूने चालविलेली जहाज वाहतूक लवकरच बंद पडली; जपानी कंपनीचा मार्ग मात्र टिकला. ह्या यशात राष्ट्रीय स्वार्थ व शासकीय साहाय्य ह्यांचाही वाटा होता. परंतु तात्कालिक लाभापेक्षा दिलेल्या शब्दाला महत्त्व देण्याचे हे एक बोलके उदाहरण होय.

जपानी कंपन्यांतील आजीव नोकरी व सेवाज्येष्ठतेनुसार वेतन ह्यांचे मूळ अनेकदा कन्फ्यूशियन परंपरेत शोधले जाते. वस्तुतः ह्या पद्धती पहिल्या महायुद्धानंतर कुशल कामगारांची पळवापळवी रोखण्यासाठी सुरू झाल्या आणि दुसऱ्या महायुद्धानंतरच्या कामगार लढ्यांतून दृढ झाल्या. कंपनी म्हणजे कुटुंब ही भाषा त्यांना नंतर जोडली गेली. ह्या कुटुंबात स्त्री कामगार व हंगामी कामगार ह्यांना बहुधा स्थान नव्हते.

कोरिया : चोसन राजवटीत (१३९२–१९१०) कोरिया हा चीनपेक्षाही कडवा कन्फ्यूशियन देश बनला. वंशावळी काटेकोरपणे राखल्या जात व एकाच कुलातील विवाह निषिद्ध असत. ह्या निषेधाचा कायदा १९९७ मध्ये दक्षिण कोरियाच्या घटनात्मक न्यायालयाने घटनाबाह्य ठरविला. पुरुषालाच कुटुंबप्रमुख मानणारी नोंदणीपद्धत २००५ मधील निर्णयानंतर २००८ च्या प्रारंभी संपुष्टात आली. ह्या दोन्ही बदलांमागे स्त्री-संघटनांचा दीर्घ लढा होता.

दक्षिण कोरियातील ‘चेबॉल’ म्हणजे कुटुंबनियंत्रित उद्योगसमूह १९६० नंतर शासकीय कर्जपुरवठ्याच्या आधाराने वाढले. संस्थापकाकडे पित्याप्रमाणे निर्विवाद अधिकार, ज्येष्ठतेचा दरारा आणि पुत्राकडे वारसा ही त्यांची लक्षणे होत. ह्या रचनेमुळे मोठे निर्णय त्वरित घेता आले; परंतु वरिष्ठाला चूक दाखवून देणारा कोणी उरला नाही. १९९७ च्या आर्थिक संकटात अवाढव्य कर्जे घेतलेले अनेक समूह कोसळले, १९९९ मध्ये देवू समूहाचे विघटन झाले आणि २००० मध्ये ह्युंदाई समूहात भावाभावांतील वारसाहक्काचा वाद चव्हाट्यावर आला. अमात्याने राजाला सावध करावे, हा कन्फ्यूशियन नीतीचा जुना भाग येथे विसरला गेला होता.

परदेशस्थ चिनी समाज : एकोणिसाव्या शतकात फूक्येन व क्वांगटुंग ह्या प्रांतांतील लाखो लोक आग्नेय आशियात गेले. तेथे त्यांनी आडनाव, गाव व बोली ह्यांनुसार मंडळे स्थापिली. नवागतास निवारा, नोकरी व प्रसंगी अंत्यसंस्कार ह्यांची सोय मंडळे करीत. बँका त्यांना कर्ज देत नसल्यामुळे ओळखीच्या लोकांनी दरमहा पैसे जमवून ते पाळीपाळीने एकेकाने उचलण्याची पद्धत रूढ होती. महाराष्ट्रातील भिशीशी तिचे साम्य आहे. ‘शिन-युंग’ म्हणजे बाजारातील पत हे छोट्या व्यापाऱ्याचे खरे भांडवल होते. एकदा शब्द मोडणाऱ्याची बातमी सर्व मंडळांत पसरे व त्यास उधारी मिळणे बंद होई.

सिंगापूरचे रबर-उद्योजक तान का-की (१८७४–१९६१) ह्यांचे चरित्र ह्या नीतीचे सामर्थ्य व तिची किंमत दोन्ही दाखविते. त्यांनी १९१३ पासून चीनमधील आपल्या जिमेई ह्या गावी शाळा काढल्या व १९२१ मध्ये शामेन (अमॉय) विद्यापीठ स्थापन केले. जागतिक मंदीत उद्योग अडचणीत आला, तरी त्यांनी विद्यापीठाचे अनुदान चालू ठेवले. १९३४ मध्ये त्यांची कंपनी बंद झाली व १९३७ मध्ये विद्यापीठ शासनाकडे सोपविण्यात आले. व्यवहारी दृष्टीने हा तोटा होता. त्यांच्या समाजाने मात्र ती त्यांची सर्वांत मोठी कमाई मानली.

नात्यावर आधारलेल्या ह्या व्यापाराचे कारण केवळ संस्कार नव्हते. वसाहतींतील व नंतरच्या स्वतंत्र राष्ट्रांतील कायद्याने चिनी लोकांना पुरेसे संरक्षण दिले नाही. काही ठिकाणी त्यांच्यावर निर्बंध लादले गेले व दंगलीही झाल्या. ज्यास न्यायालयाचा भरवसा नाही, तो नातेवाइकाचा भरवसा धरतो, ही गोष्ट कोणत्याही अल्पसंख्य व्यापारी जमातीस लागू पडते.

आधुनिक काळातील वाद : चीनमध्ये १९०५ मध्ये शासकीय परीक्षा रद्द झाल्या आणि १९१९ च्या चार मे चळवळीत कन्फ्यूशसवर कडाडून टीका झाली. स्त्रिया व तरुण ह्यांच्या दडपणुकीस त्याची नीती जबाबदार आहे, असे नव्या पिढीचे म्हणणे होते. सांस्कृतिक क्रांतीत १९६६ मध्ये च्यूफू येथील कन्फ्यूशस मंदिराची नासधूस झाली व १९७३-७४ मध्ये त्याच्या विचारांविरुद्ध देशव्यापी मोहीम उघडण्यात आली. १९७८ नंतरच्या आर्थिक सुधारणांबरोबर दृष्टिकोन पालटला. १९८४ मध्ये कन्फ्यूशस प्रतिष्ठान स्थापन झाले. खासगी व्यापाराचे कायदे अपुरे असताना ‘क्वान-शी’ म्हणजे वैयक्तिक संबंधांना पुन्हा महत्त्व आले. भेटवस्तू, मेजवानी व उपकाराची परतफेड ह्यांतून असे संबंध जोपासले जातात. शिष्टाचार व लाचलुचपत ह्यांतील सीमा त्यात सहज पुसली जाते, हे २०१२ नंतरच्या भ्रष्टाचारविरोधी मोहिमेत दिसून आले. संततिनियमनाच्या धोरणामुळे कुटुंबे लहान झाली व वृद्धांचा प्रश्न तीव्र झाला. २०१३ मध्ये अमलात आलेल्या सुधारित कायद्यान्वये वेगळ्या राहणाऱ्या मुलांनी आईवडिलांची वारंवार भेट घ्यावी, असे बंधन घालण्यात आले; सिंगापूरने १९९५ मध्येच आईवडिलांच्या पोषणाचा कायदा केला होता. जिव्हाळ्यासाठी कायदा करावा लागणे, ह्यातच परंपरेची झालेली पडझड स्पष्ट होते.

जर्मन समाजशास्त्रज्ञ माक्स वेबर (१८६४–१९२०) ह्याने चीनमध्ये आधुनिक भांडवलशाही का उदयास आली नाही, ह्याचे एक कारण कन्फ्यूशियन नीतीत शोधले. जगाशी जुळवून घेण्याची वृत्ती व रक्तसंबंधांचे बंधन ह्यांमुळे परक्यांशी वस्तुनिष्ठ व्यवहार वाढला नाही, असे त्याचे मत होते. परंतु जपान, दक्षिण कोरिया, तैवान, हाँगकाँग व सिंगापूर ह्यांची भरभराट झाल्यावर अमेरिकन अभ्यासक हर्मन कान ह्याने १९७९ मध्ये नेमका उलट सिद्धांत मांडला : शिक्षणाची आस्था, काटकसर व समूहनिष्ठा ह्या कन्फ्यूशियन गुणांमुळेच ही प्रगती झाली. १९९४ मध्ये सिंगापूरचे माजी पंतप्रधान ली क्वान यू ह्यांनी आशियाई संस्कृतीच्या वेगळेपणाचा पुरस्कार केला. त्यास कोरियन नेते किम दे-जुंग ह्यांनी त्याच वर्षी उत्तर देताना, जुलमी राजाला पदच्युत करण्याचा प्रजेचा हक्क मेन्सियसने मान्य केला होता, ह्याकडे लक्ष वेधले. अमर्त्य सेन ह्यांनीही १९९७ मध्ये, कन्फ्यूशसने राज्यसंस्थेवरील अंधनिष्ठा शिकविलेली नाही, हे निदर्शनास आणले.

मूल्यमापन : एकाच नीतीला एका पिढीने मागासलेपणाचे व दुसऱ्या पिढीने भरभराटीचे कारण ठरविले, ह्यावरून केवळ मूल्यांच्या आधारे आर्थिक इतिहासाचा उलगडा होत नाही, हे स्पष्ट होते. समान वाटणी किंवा एकच वारस, जामीनदार किंवा न्यायालय, शासनाचा आश्रय किंवा त्याची अवकृपा ह्या बाबींनी त्या मूल्यांना निरनिराळे वळण दिले. कन्फ्यूशियन नीतीने व्यापाराला दिलेली खरी देणगी म्हणजे दिलेल्या शब्दाची प्रतिष्ठा, शिक्षणाविषयीचा आदर व पुढील पिढीचा विचार ही होय. तिची मर्यादाही तितकीच स्पष्ट आहे : नात्याच्या वर्तुळाबाहेरील माणसाशी कसे वागावे, ह्याविषयी ती कमी बोलते आणि वर्तुळाच्या आतील स्त्रिया, कनिष्ठ व नोकर ह्यांच्याकडून ती अधिक मागते. शान्सीच्या पेढ्या, शिबुसावाच्या कंपन्या आणि कोरियातील कायदेविषयक सुधारणा हे ह्या मर्यादा ओलांडण्याचे कमीअधिक यशस्वी प्रयत्न होत. पाच नात्यांपैकी समानतेवर व विश्वासावर आधारलेल्या पाचव्या नात्याला, म्हणजे मैत्रीला, इतर नात्यांइतके महत्त्व जेथे मिळाले, तेथे ही नीती आधुनिक जीवनाशी अधिक सहजपणे जुळली, असे ह्या इतिहासावरून दिसते.